चुलीमागच्या भिंतीवरचं प्रकाशवर्ष

इंदू, अशी माझ्यापाशी बसलीयस असं समजून हे पत्र वाच. बापाच्या दहाव्याला आलीस आणि “गाडी थांबलीय काकू, लांब जायचंय” म्हणत उंबऱ्यावरूनच फिरलीस... ही काय रीत झाली? तुझा बाप माझा धाकटा दीर खरा, पण वाढवला मी. तेव्हा बोलणार.

भाऊजी इथल्या तापीकाठच्या शाळेत मास्तर. कुठूनसं ताऱ्यांबद्दलचं पुस्तक आणलं, आणि माझ्या मागे लागले. “वहिनी, एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं!” म्हटलं, प्रकाशवर्ष म्हणजे काय? तर उजेड वर्षभर चालेल तेवढी वाट. “मग गाडीवाल्याला समजेल असं कोसात सांगा की!” मीच म्हणाले, आणि झालं! चुलीमागची भिंत मी नुकती पांढऱ्या मातीनं सारवलेली. तिच्यावर कोळशानं मांडलं, एक प्रकाशवर्ष म्हणजे तीन लाख कोटी कोस. शून्यांची रांग मुंग्यांसारखी पार कणगीमागे गेली. कोसांवर भागलं असतं, पण शेजारचे मगनभाई गुजर आले. “मास्तर, कोस कोण मोजस? आम्हाले गाऊमा सांगा!” गाऊ म्हणजे त्यांचा कोस, आपल्याहून आखूड. पुन्हा सगळं पहिल्यापासून. इकडे डाळ करपली.

“अहो, मगनभाई त्या ताऱ्यावर कापसाची गाडी नेणार आहेत का?”

“वहिनी, किती लांब ते कळायला नको?”

“आपली इंदू ब्राह्मणपुरीला दिलीय, ती किती लांब?”

“ते काय अंतर आहे! केव्हाही जाऊ.”

ह्या ‘केव्हाही’नं माझा जीव खाल्ला. दिवाळी गेली, संक्रांत गेली... तुझ्याकडे गेले का? मग ताप आला. एका दुपारी भिंतीकडे बघत उठून बसले. “वहिनी, गाऊ आखूड, तर आकडा वाढायला हवा. मी गुणायचं तिथं भागलंय. कोळसा द्या.” मी ओरडले, “आधी पेज प्या!” मुकाट्यानं प्याले, आडवे झाले. ते पुन्हा उठलेच नाहीत.

आता आखाजी, लेकींनी माहेरी यायचा सण, तोंडावर आली. घर सारवून झालं, ती भिंत तेवढी राहिलीय. त्यांना स्वतःला सापडलेल्या चुकीवर मी माती कशी फासू? मगनभाईंना गाऊ कळतो, गुणाकार नाही. मला दोन्ही नाही. ते गणित बापानं शिकवलं तुलाच.

कोळसा कोनाड्यात तसाच आहे. तेवढा आकडा बरोबर कर, मग दोघी मिळून भिंत सारवू. आणि लांब पडतं, हे मला सांगू नकोस... लांब म्हणजे काय, ते माझ्या चुलीमागे लिहिलेलं आहे. आखाजीच्या आधी ये गं.