सरळ रेषेत नव्वद मैल

पहिल्या बाळंतपणासाठी मी नाशिकला माहेरी आले होते. हे मुंबईला नोकरीत. यांचा एक मित्र विमान चालवायला शिकला होता. भाद्रपदातल्या एका रविवारी तो यांना विमानाने नाशिकला आणणार, असं ठरलं. वडिलांनी नकाशावर दोरा ताणून बघितला. सरळ रेषेत नव्वदेक मैल. आगगाडीला अर्धा दिवस लागतो, विमानाला तास-सव्वा तास पुरे, म्हणाले. आईला काही ते रुचलं नाही. इतक्या घाईने माणूस घरी येऊ नये, एवढंच ती बोलली.

गंगापूर रोडला तेव्हा वस्ती नव्हती. तिथल्या गायरानात उतरायचं ठरलं होतं. आम्ही टांग्याने पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. बघता बघता त्र्यंबकच्या डोंगरांवरून ढग खाली आले, वारा पडला, घोडा उगाचच पाय आपटू लागला. सव्वा तास केव्हाच उलटला होता. वडील खिशातून घड्याळ काढायचे आणि न बघताच परत ठेवायचे. शेवटी वरून जागा कळावी म्हणून त्यांनी टांगेवाल्याला हाताशी घेऊन गवत पेटवलं. गवत ओलं. दाट धूर सरळ वर चढला.

मग आवाज आला. विमान दिसेना, नुसती घरघर ढगांतून फिरत होती. मी पोटावर हात ठेवून वर बघत राहिले. आवाज डोक्यावर आला, वळला आणि पश्चिमेकडे जाऊ लागला.

"तिकडे कुठे?" वडील म्हणाले. "तिकडे डोंगर आहेत."

दिवेलागणीला गुराख्यांनी यांना बैलगाडीतून आणलं. विमान अंजनेरीच्या उतारावर आदळलं होतं. यांचा पाय मोडला होता. मित्र जागच्या जागी गेला.

तापात हे एकच सांगत राहिले. ढग जरासा फाटला, खाली धूर दिसला. "मला वाटलं, गावापलीकडचं नदीकाठचं स्मशान. म्हणजे गाव मागे टाकून आपण पुढे आलो. मीच त्याला मागे वळायची खूण केली."

आईने वडिलांना डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. त्यांना ते जमलं नाही. खाटेपाशी बसून ते म्हणाले, "जावईबापू, तो धूर आमचा होता. मी केला होता."

यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कितीतरी दिवस हे कुणाशी बोलले नाहीत. मुलगी झाली, तिला मांडीवर दिली, तरी गप्पच.

पाय जमिनीला टेकू लागल्यावर हे काठी घेऊन मुंबईला मित्राच्या आईकडे गेले. खुणेचं, धुराचं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घाबरला होता का हो तो?"

"नाही," हे म्हणाले. "गाणं म्हणत होता."

ते खरं होतं का, हे मी यांना कधीच विचारलं नाही.