करुणाचा फॉर्म

"पुरुष लिहू की बाई? आत काय आहे ते सांग, तेवढंच लिहितो."

शहरातून आलेला सर्वेवाला असं बोलला आन् हसला. करुणाले बोलला. समाजभवनाचं दार सताड उघडं. बाहेर आमच्या सहाजनी बसल्या होत्या, त्याईच्या मागं तमाशा पाहाले आलेली मानसं. तेबी हसली. करुणानं मान खाली घातली.

तिले तिथी मीच आनलं होतं. मीबी तिच्यासारखीच, तृतीयपंथी. एचआयव्ही रोखाचं काम करनाऱ्या एका संस्थेत होती. गावोगाव फिराचं, आमच्या लोकाईले निरोध द्याचे, तपासनीले न्याचं. हा सर्वे आमच्या मनाच्या तब्येतीचा होता. संस्थेनं सांगतलं, मानसं आन. मेडशीहून करुणाले आनलं. बौद्ध घरची, चोवीस वर्साची. बापानं हाकललं तवापासून एकटी राहे, सोयाबीन सोंगाले जाये.

"निरोध वापरतेस का?"

"नाही."

"का? फुकट मिळतात ना?"

करुणा म्हने, "सर, जिले जगावंसंच वाटत नाही, ते बिमारीपासून कायले वाचवीन सोताले?"

"गोष्टी नको सांगू. मरावंसं वाटतं का? हो की नाही?"

"हाव. रोज."

त्यानं फॉर्मवर खूण केली. पान पलटवलं. इचारलं, शिक्षण किती.

मी बाजूलेच होती. यादीतलं पुढचं नाव पाह्यलं.

परत जाताना यष्टीत करुणा म्हने, "ताई, त्यानं लिहून घेतलं ना. मंग आता कोनी येईन का मले भेटाले?"

"येईन," मी म्हनलं.

कोनी आलं नाही. मीबी गेली नाही. मले वाटलं, कागदावर हाये तं पाहीन कोनीतरी. अठराव्या दिवशी तिनं जीव देल्ला.

अजूनबी भांडे घासता घासता हात थांबते. "कोनी येईन का?" अगदी कानाशी. यष्टी मेडशीले थांबली का मी खिडकीतून तोंड फिरवते. तरी ते दिसते. उभी असते, वाट पाहात.

सहा महिन्यानं तोच सर्वेवाला आला. तेच समाजभवन. यादीवर बोट ठेवून म्हने, "करुणाला आणलं नाहीस?"

"मेली ते."

"अरे. मग एक कमी पडते. तिच्या जागी दुसरी आण."

माह्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"आनत नाही," मी म्हनलं. "तिनं तुमाले हाव म्हनलं होतं. तुमी काय केलं?"

"आमचं काम माहिती गोळा करणं. उपचार करणं नाही."

"मंग इचारलंच कायले?"

मी बाहेर आली. आमच्या जनीले म्हनलं, "उठा." एकीनंबी काहून म्हनून इचारलं नाही. सगळ्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेनं बोलावलं. माफी माग, नाही तं काम सोड. मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

आता कोनी कागद घेऊन आलं का आमच्या लोकाई पयले मी बसते त्याच्यासमोर. दार लावाले लावते. मंग इचारते, मरावंसं वाटते म्हननारीले त्याच दिवशी कोन्या डाक्टरकडे नेता? कोन नेईन? नाव नाही सांगतलं, तं फॉर्म कोराच वापस जाते.

पयले त्या डाक्टरचं नाव लिहा. मंगच आमची नावं भेटतीन.