झोळ्यांची शाळा

आमच्या शाळेत टोल पडायच्या आधी झोळ्या टांगल्या जात. हे मी पुढे ज्या ज्या शिक्षिकेला सांगितलं, तिने तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. पाहू दे. त्या झोळ्यांनी एक मुलींची शाळा वाचवली, आणि मी त्या शाळेची हेडमास्तरीण होते, म्हणून हे ऐटीत सांगायचा मला हक्क आहे.

गाव भाटघरच्या पाण्यापलीकडे होतं. धरण होऊन फार वर्षं झाली नव्हती. खालची जमीन पाण्यात गेलेली माणसं वर सरकून, उतारावर खाचरं पाडून भात लावत होती. मुलग्यांची शाळा ओढ्यापलीकडच्या वाडीत, आणि मुलींची देवळाशेजारच्या जुन्या धर्मशाळेत. पुण्याहून ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेऊन मी तिथे रुजू झाले, तेव्हा हेडमास्तरीण या शब्दाने माझी मान चांगलीच ताठ झाली होती. हाताखाली कोण, तर एक फळा, एक केरसुणी आणि एक पितळी टोल. यजमान भोरला कचेरीत कारकून. ते शनिवारी होडीने येत आणि सोमवारी पहाटे परत जात. बाकीचे दिवस मी, शाळा आणि माझा तापट स्वभाव, असा आमचा संसार.

पहिले काही दिवस बरे गेले. मग लावणी लागली आणि एका सकाळी मी टोल दिला तर समोर कोणी नाही. पुन्हा दिला. देवळातला गुरव तेवढा बाहेर डोकावून गेला. मी छत्री उचलली आणि घरोघर निघाले. प्रत्येक ओसरीवर तेच चित्र. आई खाचरात, बाप खाचरात, आणि माझी विद्यार्थिनी कडेवर धाकटं भावंड घेऊन उंबऱ्यात उभी. मी पोरींना रागावले.  रागावून कडेवरचं मूल काही खाली उतरत नाही, हे मलाही दिसत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून रागावत होते.

शेवटी पाटलांच्या बांधावर जाऊन उभी राहिले आणि मुली शाळेत आल्याच पाहिजेत असं ठणकावलं. पाटील गुडघाभर चिखलात होते. कमरेवर हात ठेवून ते हसले.

"बाई, तुमी म्हंता त्ये खरं हाये. पर पोरी साळंत बसल्या तर तान्ही कुठं ठिवायची? चिखलात?"

मी म्हटलं, "मग मुलींनी शिकायचं कधी?"

"लावणी झाल्याव."

"लावणी झाल्यावर तणाची बेणणी. बेणणी झाल्यावर कापणी. मग झोडणी. मग लग्नं."

"तुमाला तर समदं ठावं हाये की," पाटील म्हणाले आणि पुन्हा वाकले.

त्यांच्या हसण्याचा मला इतका संताप आला की परत येताना निसरड्या बांधावरून घसरून मी त्यांच्याच खाचरात बसले. लावणीच्या बायकांनी मला हात देऊन वर काढलं आणि माझं लुगडं धुऊन दिलं. गावाशी माझी खरी ओळख तिथून झाली.

पण खाली बसून चालणार नव्हतं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना गाव दिपोटी म्हणे. त्यांनी मला रुजू होतानाच बजावलं होतं: वर्षाच्या परीक्षेपर्यंत वर्ग भरलेला दिसला नाही आणि तिसरीच्या मुली पास झाल्या नाहीत, तर शाळा बंद, मुलींनी ओढा ओलांडून मुलग्यांच्या शाळेत जावं. बोलायला सोपं. त्या गावातली एकही आई आपली पोर ओढ्यापलीकडे, मुलग्यांत बसायला पाठवणार नव्हती. म्हणजे शाळा बंद झाली की मुलींचं शिकणं तिथेच संपलं.

तिसरीत एक मुलगी होती, चिंचेखालच्या घरातली. हुशार म्हणजे किती, तर मी फळ्यावर हिशेब लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार. ती भर पावसात शाळेच्या खिडकीबाहेर वळचणीला उभी असलेली मला एके दिवशी दिसली. कडेवर भाऊ, दोघांवर मिळून एक इरलं. आत चुकूनमाकून आलेल्या तीन-चार मुली बसल्या होत्या. मी काही विचारलं की त्यांच्याआधी खिडकीतून उत्तर येई.

"आत ये," मी ओरडले.

"ह्यो रडतोय, बाई."

"रडू दे. त्याला घेऊन आत ये."

ती आली आणि तो रडला. असा रडला की गुरव पुन्हा डोकावला. मी तरातरा माझ्या खोलीत गेले, एक जुनं लुगडं काढलं, धर्मशाळेच्या वाशाला सुंभ बांधून त्याची झोळी केली आणि त्या रडव्याला तिच्यात घातलं. झोळीची दोरी मुलीच्या हातात दिली. "आता हालव, आणि पाढे म्हण."

तेरापर्यंत आली तोवर पोर झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक झोळी टांगली गेली. मग आणखी. लुगड्यांचे तुकडे पोरी घरून आणू लागल्या आणि आठवड्याभरात ओसरीपासून आतल्या भिंतीपर्यंत वाशांना रांगेने झोळ्या लोंबू लागल्या. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात दोरी. लिहायचं असलं की दोरी पायाच्या अंगठ्यात. पाढ्यांना आयता ठेका मिळाला. मला तर शास्त्रच सापडलं. बेचा पाढा फार तुटक, त्याने पोरं खुदखुदतात. एकोणीसला मुली अडखळतात आणि त्या अडखळल्या की झोळ्या जाग्या होतात. झोपेला सगळ्यांत उत्तम तेराचा. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तेरा चोकला डोळे मिटत आणि तेरा साते एक्याण्णवला ओसरीत श्वास तेवढे ऐकू येत. मग आम्ही हलक्या आवाजात भूगोल करत असू. जगात इतक्या हळू आवाजात भूगोल कोणी शिकवला नसेल.

लावणी संपली, बेणणी लागली, आणि माझा वर्ग भरलेला राहिला. मी इतकी खूश होते की शनिवारी यजमान आले की जेवायला वाढायच्या आधी त्यांना पटावरची मुलं मोजून दाखवी. ते म्हणत, "झोळीतली धरून की सोडून?"

अशात एका संध्याकाळी चिंचेखालची आई तावातावाने माझ्या दारात आली. वेल्ह्याकडच्या डोंगरातलं माहेर, उंच बाई, आवाज खणखणीत. कडेवर तोच पोरगा.

"बाई, काय करून ठिवलंत ह्याला? म्या अंगाई म्हंती तर ह्यो माज्या तोंडावर हात ठिवतो. ह्याला तुमचं त्ये तेरा पायजे!"

"मग म्हणा तेरा."

"मला येतंय व्हय? पोरगी म्हंती, पर ती झोपली की ह्यो उठतोय."

मी पोट दुखेपर्यंत हसले असते, पण तिचा चेहरा पाहून आवरलं. म्हटलं, "मुलीकडून शिकून घ्या." ती फणकाऱ्याने निघून गेली. पुढे तशाच तक्रारी आणखी दोन-तीन घरांतून आल्या. मी सगळ्यांना तेच सांगितलं आणि विसरून गेले.

कापणीच्या सुमाराला दिपोटी साहेब न कळवता आले. ओसरीत पाऊल टाकलं ते थेट एका झोळीवर आदळले. झोळी रडली. तिच्या मागोमाग बाकीच्या रडल्या. टोपी सावरत साहेब म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की बाळंतिणीची खोली?"

"शाळा आहे," मी म्हटलं. "हजेरी पाहा."

"हजेरी दिसते आहे. शिस्त दिसत नाही. परीक्षेला येईन तेव्हा यांतली एक झोळी मला दिसता कामा नये. दिसली, तर मला वर काय सांगावं लागेल ते तुम्हाला ठाऊक आहे."

मी वाद घातला. माझ्या तोंडाला लगाम नाही असं माझ्या माहेरी म्हणत, ते खरं आहे. पण ते माणूस म्हणून वाईट नव्हते. जन्मभर त्यांनी शाळा म्हणजे सरळ रांगा एवढंच पाहिलं होतं. ते गेले आणि मी झोळ्या काढल्या नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत त्या टांगलेल्या होत्या. मात्र आदल्या संध्याकाळी मी घरोघर जाऊन बायकांना हात जोडले. एवढा एक दिवस तान्ही तुमच्याजवळ ठेवा. नाहीतर उद्यापासून शाळाच नाही. कोणी नाही म्हटलं नाही. परत येऊन मी एकेक सुंभ सोडला. 

परीक्षेच्या दिवशी झोडणीचा हंगाम ऐन भरात होता. धर्मशाळेच्या मागेच खळं. बायका भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होत्या, धप, धप, आणि दाणे उडत होते. आत मुली सरळ रांगेत, हात मांडीवर. साहेबांनी वाचन घेतलं, ठीक झालं. शुद्धलेखन घेतलं, ठीक झालं. मग तोंडी हिशेबाला चिंचेखालच्या मुलीला उभं केलं. मी मनात म्हटलं, जिंकलं.

"तेराचा पाढा म्हण."

"तेरा एके तेरा," ती म्हणाली. आणि खळ्यावरून तिच्या भावाने टाहो फोडला.

मुलगी थांबली. सवयीने तिचा हात वर गेला, दोरी शोधू लागला. वर दोरी नव्हती. तिने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, शब्द फुटेना. बाहेर रडणं वाढतच होतं. साहेबांनी भुवया उंचावल्या. सगळ्यांत हुशार मुलीची ही गत, म्हटल्यावर बाकीच्याही पांढऱ्याफटक पडल्या. शाळा माझ्या डोळ्यांदेखत हातची चालली होती आणि मला एक शब्द बोलायची मुभा नव्हती.

तेवढ्यात खळ्यावरून खणखणीत आवाज आला.

"तेरा येके तेरा!" धप. "तेरा दुने सव्वीस!" धप.

दुसरी बाई तिला मिळाली. मग तिसरी. पेंढ्या आपटण्याचा ठेका आणि पाढ्याचा ठेका एक झाला. रडणं उतरत गेलं.

साहेब ताडकन उठले. "बाहेरून सांगतायत! परीक्षेत?" असं म्हणत ते खळ्याकडे निघाले. मी पदर सावरत मागे. मुली माझ्या मागे. कसली रांग अन् कसलं काय.

खळ्यावर तीन बांबूंची तिकाटी उभी होती, तिला झोळी, आणि झोळीत तो पठ्ठ्या डोळे मिटत होता. आईच्या हातात पेंढी तशीच. साहेबांना पाहून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण पाढा सोडला नाही. पोर अजून पुरतं झोपलं नव्हतं. तेरा साते येक्यान्नव म्हणून मगच ती थांबली.

"परीक्षेत मुलीला सांगत होता?" साहेबांनी विचारलं.

"परिक्षा? न्हाई बा. ह्याला निजवत हुते."

"पाढे कुठं शिकलात? कोणत्या शाळेत गेला होता?"

"म्या न्हाई गेले कुठं," ती म्हणाली आणि हनुवटीने झोळीकडे खूण केली. "साळंत ह्यो जातोय. ह्याच्यापायी आमी समद्या शिकलो."

 मग साहेबांच्या मिशा हलल्या. ते भाताच्या पोत्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पोटभर हसले. हसता हसता त्यांनी एकेका बाईला विचारायला सुरुवात केली. तेरा पाचे? पासष्ट. बारा सक? बाहत्तर. कोणी पहिल्यापासून म्हणत तिथवर येई, कोणी बोटं मोजी, पण येई. त्या बायकांचे चेहरे मला अजून दिसतात. भाताच्या तुसांनी माखलेले आणि असे फुललेले! मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

त्यानंतर आत जाऊन चिंचेखालच्या मुलीने पाढा तर म्हटलाच, वर न विचारता पाव-अर्ध्याचे पाढे, पावकी आणि निमकीही म्हणून दाखवली. तिला थांबवावं लागलं. तिसरीची प्रत्येक मुलगी पास झाली.

निघताना साहेब ओसरीत थांबले आणि वर पाहू लागले.

"झोळ्या कुठे आहेत?"

"तुम्हीच काढायला सांगितल्या होत्यात."

"मग आता मीच लावायला सांगतो. शाळा चालू राहील. पुढच्या वर्षी चौथीही काढा. आणखी काय हवं?"

हा प्रश्न वरिष्ठांच्या तोंडून नोकरीत पुन्हा कधी ऐकला नाही, म्हणून बरं झालं की मी तेव्हा लाजले नाही. म्हटलं, "एक तुळई. वासे कुरकुरतात. यंदा गावात पाळणे बरेच हलणार आहेत."

सागाची तुळई शिमग्याच्या आधी बैलगाडीतून आली. ती चढवायला गावातले सगळे पुरुष जमले, आणि सगळ्यांत पुढे खांदा दिला पाटलांनी. "बाई, पोरी साळंत, तान्ही बी साळंत. आता आमी कुठं जायाचं?" ते ओरडले. मी म्हटलं, "पाटी घेऊन या." पुरुष हसले, पण तुळई सरळ बसली.

संध्याकाळी मी एकटीच त्या नव्या लाकडाकडे बघत उभी होते. चिंचेखालची आई आली. पोरगा आता तिच्या बोटाला धरून डुगडुगत उभा राहत होता. तिने मान वर करून तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाली, "बाई, ह्याला आता तेरानं झोप येत न्हाई. म्होरलं सांगा."

मी टोलाशेजारचा दिवा लावला, तिला पुढ्यात बसवलं आणि चौदाचा पाढा सुरू केला.