गालाची पारख

तवनाप्पांच्या गालाचा सांगलीत दबदबा होता. गालाचं नाव व्हायला माणूस नटबिट असावा लागतो, पण हे आपले मोडीचे व्यापारी. जुनी तांब्यापितळेची भांडी, समया, अडकित्ते, दगडी खल घ्यायचे, घासूनपुसून विकायचे, हा चाळीस वर्षांचा धंदा. दगडाची म्हणून एखादी वस्तू आली की ते डोळे मिटून ती गालाला लावत. दगड थंड लागतो, हाड नि दात लागत नाहीत, एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते असा आव आणत की गालात यंत्रच बसवलंय.

जीव मारून मिळालेली वस्तू दुकानात घ्यायची नाही, असा नेम त्यांनी तरुणपणीच वडिलांच्या पायावर हात ठेवून घेतला होता. शिंगाच्या मुठीची सुरी नाही, हस्तिदंती फणी नाही, पायात चामड्याची वहाण नाही. एकदा कुणी हरणाचं कातडं विकायला आणलं, तर तो गेल्यावर यांनी ओटा दोनदा धुतला. बायको चंपाबाई म्हणायची, "देवाला भीत न्हाईत, तेवढं शिंगाला भीत्यात."

पौषातल्या एका सकाळी वडूजकडचा लालासाहेब आला. अंधारातच मोटारसायकलवर निघालेला, कानाला मफलर, बोटं आखडलेली. बाहेरच्या पेटीतून त्यानं रुमालाची पुरचुंडी काढली. आत अंगठ्याएवढी बाटली. झाडाखाली बसलेला म्हातारा आणि एक लांब मानेचा पक्षी तिच्यावर कोरलेला, बुचाला आत लोंबणारा इवलासा चमचा. तपकिरीच्या डागांनी सगळी पिवळी पडली होती.

"हीच ती, तात्या. आज्जा पलटणीत हुता, चीनकडनं आणल्याली. आजी हिच्यात तपकीर ठिवायची."

बाटलीचा फोटो त्यानं आठवड्यापूर्वीच पाठवला होता आणि तवनाप्पांच्या सुनेनं, प्राचीनं, तो दुकानाच्या मालाबरोबर मोबाइलवर विक्रीला टाकला होता. दुकानाच्या नंबरवर लगेच गिऱ्हाईक आलं. भाव कमी करा म्हणून एक शब्द नाही, फक्त 'कुणाला देऊ नका, बाटली येईल त्या दिवशी दुपारी बाराला येतो.' असलं गिऱ्हाईक तवनाप्पांना उभ्या जन्मात भेटलं नव्हतं, आणि ते त्यांना जरा खटकलंही होतं.

"पर तात्या," लालासाहेबानं आवाज खाली आणला, "हस्तिदंत असला तर मला न्हाई इकायची. पोरगी क्रांती पोलीस भरतीत निवडलीया. चारित्र्य पडताळणी तेवढी ऱ्हायलीया. बापाच्या नावावर केस झाली तर पोरीचं वाटोळं हुईल. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

समोरचा चहावाला आकाराम कपबशा विसळायचं थांबवून बघत होता. बघणारं कुणी असलं की तवनाप्पांच्या अंगात यायचं. त्यांनी डोळे मिटले, बाटली गालाला लावली. बर्फासारखी थंड.

"दगुड हाय. बिनघोर इक."

पौषाच्या वाऱ्यात नव्वद-शंभर किलोमीटर आलेली वस्तू. त्या पेटीत लिंबू असतं तर तेही थंडच लागलं असतं. पण गालाचा एवढा नावलौकिक झाल्यावर डोक्याला कोण विचारतो!

लालासाहेब लेकीसाठी पळायचे बूट बघायला बाजारात गेला. बाटली दगडी खलाशेजारी पडून राहिली. अकराच्या सुमाराला तवनाप्पांनी ती सहज उचलली, तिच्यावरचा म्हातारा बघायला. तळहाताला ती गार लागली नाही. त्यांनी खलाला हात लावला. खल गारठलेला होता. मग त्यांनी सावकाश बाटली गालाला लावली. कुणीतरी बोट टेकवावं तशी ती लागली. हा दगड नव्हता.

फोन शेजारीच होता. 'लालासाहेब, चुकलं माझं, बाटली घे आन घरला जा,' एवढंच सांगायचं. पण पलीकडं आकाराम गिऱ्हाइकांना गालाचीच गोष्ट रंगवून सांगत होता. आला की बाजूला घेऊन सांगू, तवनाप्पांनी ठरवलं. हा निव्वळ ताठा होता, दुसरं काही नाही. कोपऱ्यावर एक पांढरी जीप येऊन थांबली होती, इंजिन चालूच. तिच्यातून कुणी उतरत नव्हतं. त्यांनी दोनदा फोन उचलला, दोनदा खाली ठेवला.

बाराला लालासाहेब एका हातात बूट नि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. त्याच्या पाठोपाठच दोघं दुकानात शिरले. एकानं बाटलीखाली टॉर्च धरला. पिवळ्या अंगात बारीक रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या दिसल्या, जाळं विणल्यासारख्या.

"दगड कोण म्हणालं याला?"

"आमचं तात्या!" लालासाहेब अभिमानानं म्हणाला. "त्यांचा गाल चुकत न्हाई."

दुसऱ्यानं खिशातून वनखात्याचं ओळखपत्र काढलं. "हा हस्तिदंत आहे. जुना असला तरी विकायला काढणं गुन्हा आहे. बाटली कुणाची?"

लालासाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तोंड उघडलं.

"माझी," तवनाप्पा म्हणाले. "मोडीत आलती. ह्यो गडी बंब न्यायला आलाय."

"आवं तात्या..."

"तू गप रं! बंब अजून कल्हईला हाय. पोरीचं बूट घे आन जा गावाला."

कागदावर त्यांच्या नावापुढं 'हस्तिदंत' हा शब्द लिहिला गेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली. जन्मभर ज्याला ओट्यावर येऊ दिलं नव्हतं ते आता नावाला चिकटलं होतं, आणि वर खोटं बोललेलं ते वेगळंच. त्यांना रडू येत होतं, पण आकाराम बघत होता.

त्यांनी रबरी चपला घातल्या, चंपाबाईनं दिलेला डबा उचलला आणि जीपपाशी थांबले.

"सायेब, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. मावळायच्या आत सोडशीला न्हवं?"

साहेब सभ्य माणूस होता. त्यानं जीपचं दार उघडून धरलं.

"डबा गाडीतच खाऊन घ्या, आजोबा."