घाट बघून ठेवलाय

पिंपळवंडीच्या मामांच्या उभ्या आयुष्यात एकही गोष्ट गुपचूप घडली नाही. ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझे सख्खे मामा मारवाडात, वर्षाकाठी एक पत्र धाडणारे. हे साऱ्या जुन्नर-आंबेगावचे मामा. यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या की मचाणावर बसून लाउडस्पीकरवर पुकारायचे. निशाण पडून मामांचा 'भिर्रर्र' घुमला की बैल बारा-तेरा सेकंदांत घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, संपवायचे, आणि तेवढ्यात मामा बैलाचं कूळ, मालकाचं गाव आणि मालकाच्या सासुरवाडीची खबरसुद्धा देऊन मोकळे व्हायचे. उधळलेला भंडारा हवेतच तरंगत राहायचा, समोरचा डोंगर पिवळा, माणसं पिवळी, आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून नुसता मामांचा आवाज येत राहायचा. अजून चैत्रात दुपारी दुकानाच्या गादीवर डोळा लागला की तो मला ऐकू येतो. आमचं ओतूरला कापडाचं दुकान, विजेत्यांचे फेटे आमच्याकडून जायचे, त्यातून ही ओळख झाली.

पण आवाज मचाणावर ठेवून घरी येणं मामांना कधी जमलं नाही. जेवायला बसले की पाण्याचा पेला तोंडापुढे धरायचे. "पहिली भाकर घाटात उतरलीय मंडळी, संगं ठेच्याची जोडी!" मामी चुलीपुढून करवादायच्या, "मेलं ह्ये रोजचंच! मी तर बाई कानच देत न्हाई." एकदा ओतूरच्या स्टँडवर माझ्यादेखत त्यांची एसटी सुटली. मामा धोतर सावरत धावले आणि धावता धावता ओरडले, "पहिला नंबर यष्टी! दुसरा नंबर आपलं मामा! टाळ्या होऊ द्या, दुसरा नंबर बी बारका नसतोय!" सगळ्या स्टँडने टाळ्या वाजवल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्यांची पिशवी माझ्या हातात होती.

वळवाच्या वाऱ्यात त्यांच्या घराचे पत्रे उडाले तेव्हा तर कहर झाला. मामी "अवो, धरा की!" म्हणून आकांत करतायत आणि हे अंगणात घड्याळ धरून उभे. "पत्रा सुटला, बांध वलांडला, भिर्रर्र... आठ सेकंद! असा पत्रा तालुक्यात झाला न्हाई!" मग ते त्याच आनंदात पत्रे गोळा करायला गेले. मी त्या दिवशी तिथेच होतो, मला राग आला. आम्ही व्यापारी माणसं, फाटलं त्याला फाटलं म्हणणारी. मी म्हणालो, "मामा, नुकसान झालंय, नुकसान म्हणा की सरळ!" मामा खिळे सरळ करत बसले होते. म्हणाले, "शेठ, फाटल्यालं तुमी ठिगळ लावून घालता का न्हाई? ह्ये माजं ठिगळ. उगं फाटलं फाटलं करत बसलो तर मानूस उघडा पडंल की राव!"

हरला हा शब्द त्यांनी माइकवर कधी उच्चारला नाही. बैल अर्ध्यातच बिचकून फिरले, लोक हसायला लागले, की मामा भारदस्त आवाजात पुकारायचे, "हसू नका मंडळी! बैलांनी आज घाट बघून ठेवलाय. फुडल्या साली पळत्याल!" रडवेला मालक बैलांच्या पाठीवर हात फिरवत ताठ मानेने घाट उतरायचा. लोणीच्या यात्रेत एकदा वेळ घेणारा माणूस आला नाही, तर मामांनी घड्याळ माझ्या हातात कोंबलं. "शेठ मापात मारनार न्हाई!" त्या दिवशी दोन गाडामालक माझ्या अंगावर धावून आले, पण मी सेकंदाचा तुकडाही इकडचा तिकडे केला नाही. ह्याचा मला फार अभिमान होता.

दोन हजार सालानंतर मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. देवाला दुसरं काही सापडलं नाही का, असं मला तेव्हा वाटलं. मी भेटायला गेलो तर मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मामी म्हणाल्या, "डाक्टर म्हनला, आत्ता चालवा, न्हाईतर ही खाट कायमची. पर ह्ये पायच उचलंनात. म्हनलं उठा, की तोंडाकडं बोट दावत्यात." पुकारल्याशिवाय ह्या माणसाने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, आता कसं टाकणार! मग मीच पुकारायला लागलो. पण माझी जीभ दुकानातली. "या मामा, डावा पाय बघा, छान आहे, घ्या ना, घ्या..." मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. गिऱ्हाईक गेलं.

तेवढ्यात मामींनी पदर खोचला. फळीवरचा पेला घेतला, तोंडापुढे धरला आणि आधी जरा लाजल्या. मग म्हणाल्या, "मंडळी, घाट मोकळा करा! पिंपळवंडीचा गाडा येतोय... निशाण पडलं, भिर्रर्र!" तोच चढ, तोच हेल. जन्मभर कान न देणाऱ्या बाईला सगळं पाठ होतं. मामा माझा खांदा धरून उठले, दीड पाऊल टाकलं आणि मटकन खाली बसले. मी मामींकडे बघायचंही टाळलं. पण पेल्यातून आवाज आला, "हसू नका मंडळी! आज घाट बघून ठेवलाय. उद्या पळंल!" मामांचे डोळे भरून आले. माझेही.

महिन्याभराने दुकान बंद ठेवून मी पुन्हा गेलो. त्या दिवशी मामा खाटेपासून उंबऱ्यापर्यंत काठी टेकत, भिंत धरत, थांबत थांबत एकटे आले. मामी सबंध वेळ पुकारत होत्या, आवाज बसला तरी थांबल्या नाहीत. मामांनी उंबऱ्याला हात लावला, वाकडं तोंड माझ्याकडे वळवलं आणि माझ्या मनगटाकडे बोट केलं. "शेठ, टायम?" मामींनी विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. सतरा मिनिटं झाली होती.

"बारा सेकंद," मी म्हणालो.

मामांच्या ओठांच्या कोपऱ्यातून अर्धाच "भिर्र" बाहेर पडला. पुढे ते अंगणात हिंडूफिरू लागले, मचाणावर मात्र पुन्हा कधी चढले नाहीत, आणि चारेक वर्षांनी गेले. उभ्या जन्मात मी तेवढं एकच माप खोटं दिलं.