धनूचा अल्फा

माझी नणंद भरतकाम करते, आणि तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. हे होते तोवर ते आम्हा दोघींच्या मध्ये बसत. आता मध्ये नुसती चहाची किटली असते.

तिची नजर हळूहळू जाते आहे. डॉक्टरांनी बारीक काम सोडायला सांगितलं, तर म्हणाली, एक शेवटचं करते, चार लोकांना दिसेल अशा जागी लागेल असं, मग सोडते. म्हणून वेधशाळेच्या दालनासाठी आकाशाचा नकाशा भरून द्यायचं काम तिनं अंगावर घेतलं. माझ्याही अंगावर, हे वेगळं सांगायला नको. नावं लॅटिन होती, आणि लॅटिन शाळेत सिस्टरांनी माझ्याकडून घोटून घेतलेलं.

समूहाचं नाव ओरायन, म्हणजे आपलं मृग, मग ताऱ्यापुढे ओरायनिस का, यावर तिनं माझी अख्खी सकाळ खाल्ली. मी सांगितलं, ओरायनिस म्हणजे ओरायनचा. आधी ग्रीक अक्षर, मग तारा कुणाच्या घरचा ते. अल्फा ओरायनिस, बीटा ओरायनिस. लिओ म्हणजे सिंह, त्याचा तो लिओनिस.

"म्हणजे शिंप्याचा थोरला, शिंप्याचा मधला," ती म्हणाली. "एवढं सरळ आहे, तर मेलं लॅटिनमध्ये कशाला?"

ती नावं आधी भरते, कारण अक्षरांनी कापड ओढलं जातं. तारे शेवटी, गाठीच्या टाक्यानं, जितका तेजस्वी तितकी जाड गाठ. तोवर खडूनं काढलेले लहानमोठे ठिपके पुसून गेले होते. मूळ कागद आणून बघ, असं मी परोपरीनं सांगितलं. नाही. अल्फा थोरला, म्हणून त्याची गाठ सगळ्यांत जाड, बीटाची त्याहून बारीक, आणि असंच खाली. वेधशाळेच्या बाईंना विचार म्हटलं, तर थोरला म्हणजे थोरला, त्यात काय विचारायचं, हे उत्तर.

बाई काम बघायला आल्या. तरुण, अदबशीर. नकाशा बघता बघता त्यांचा चेहरा पडला. ही अक्षरं काही शतकांपूर्वी साधारण तेजाच्या क्रमानं दिली गेली, पण सगळीकडे नीट नाही, असं त्या म्हणाल्या. मृगात बीटा अल्फापेक्षा तेजस्वी. धनूचा अल्फा तर अगदीच फिकट, आणि आमच्या कापडावर तो लिमलेटच्या गोळीएवढा. आता अक्षरं बदलली तर सगळ्या जुन्या नोंदींचा घोळ होईल, म्हणून ती तशीच चालतात. गाठी मात्र उद्‌घाटनाआधी दुरुस्त व्हायला हव्यात, नाहीतर छापील नकाशा लावावा लागेल.

"त्यांचं चुकलं तर तसंच ठेवायचं, आणि माझं चुकलं तर उसवायचं?" नणंदेनं विचारलं.

बाई हळूच "हो" म्हणाल्या.

उसवायला तिला गाठ आणि कापड वेगळं दिसत नव्हतं. जन्मात तिनं मला तिच्या कामाला बोट लावू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिनं कात्री माझ्याकडे सरकवली. मी गाठ कापायची, तिनं बोटांनी चाचपून नवी घालायची. तोंड अखंड चालू. जपून, कापड कापाल, हात थरथरतोय तुमचा. माझा हात थरथरत नाही.

बीटा ओरायनिसवर ती धागा गुंडाळत सुटली. बस कर, म्हटलं, हा व्याधापेक्षा मोठा झाला, आणि व्याधाहून तेजस्वी तारा आकाशात नाही.

"असू दे, वहिनी. धाकटा म्हणून फार दिवस दाबलाय त्याला."

बाई पुन्हा आल्या. धनू ठीक, मिथुन ठीक. मग त्यांचं बोट मृगाच्या पायाशी थांबलं, त्यांनी व्याधाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. त्या काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. नणंद खुर्चीत मान खाली घालून ऐकत होती.

"गुंडाळायला घ्या," मी म्हणाले. "कापड जड आहे, मी एक टोक धरते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं टोक धरलं.

नकाशा लागला. तो तारा बघितला की अजून माझं डोकं फिरतं. नणंदेला दारातून तेवढा एकच दिसतो. त्याच्याकडे बोट दाखवून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की भरतकाम माझं, लॅटिन वहिनींचं, काही चुकलं असेल तर त्यांना विचारा.