बांगड्यांची मुंडकी

"हिला सांगा. हिच्या लोकांना सवय असते."

पाककलेच्या बाई हे शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बोलल्या. हसत हसत बोलल्या. पुढ्यात शाळेचा खताचा खड्डा, त्यात बांगड्यांची सडकी मुंडकी, वर माशा. आणि बाईंचं बोट माझ्याकडे. मी नववीत होते. बौद्धवाडीतली त्या वर्गात मी एकटीच. हिचे लोक म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

खड्डा दोन वर्गांचा मिळून होता. आमचा बागकामाचा, पलीकडचा पाककलेचा. त्यांनी सालं, देठं, नारळाचा चोथा द्यायचा. आम्ही पालापाचोळा आणि शेण घालून खत करायचं. मासळी टाकायची नाही, असं ठरलेलं. पण आदल्या आठवड्यात त्यांनी बांगड्यांचं कालवण केलं आणि त्यांच्या वर्गातल्या ऋतुजाने मुंडक्यांची अख्खी बादली खड्ड्यात ओतली. बाईंनीच तिला सांगितलं होतं. पाहुणे खत बघायला आले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

मुंडकी मी वेचली. हातांनी. हातमोजे कपाटात होते, पण ते मला कुणी दिले नाहीत. ऋतुजा पाहुण्यांना सरबत देत होती.

घरी आई म्हणाली, "गप ऱ्हा. शिक्षान पुरं कर."

आई मुरुडला एका लॉजवर बाथरूम धुते. तिथल्या स्वयंपाकघरात तिला पाऊल टाकू देत नाहीत, चहासुद्धा मागच्या दाराशी. म्हणून तर मला पाककला हवी होती. मी मागितलीही होती. "तुला बागकामच बरं," म्हणून बाईंनी परस्पर तिकडे ढकललं.

एक वाट उरली होती. महिन्यातून एकदा दोन्ही वर्ग कामं बदलायचे. ते खड्ड्यावर, आम्ही स्वयंपाकात. दर वेळी बाई मलाच म्हणायच्या, "खड्ड्याजवळ कुणीतरी हवं." आणि मी थांबायचे, मुकाट.

मुंडक्यांनंतरच्या अदलाबदलीला मी थांबले नाही. साबणाने हात धुतले, सगळ्यांबरोबर आत गेले आणि विळीवर बसले.

"तू बाहेर. खताचे हात अन्नाला लावतेस?"

"बाई, आमच्या सगल्यांचेच हात खताचे हायेत."

"उठतेस की नाही?"

"न्हाय उठनार. आज हितं आमचा वर्ग हाय."

मी कांदा चिरायला घेतला. बाईंनी गॅस बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं. मी एकटी बसून टोपलीतले सगळे कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नुसत्या कांद्याचं नव्हतं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

विजय वगैरे काही झाला नाही. पुढच्या महिन्यापासून अदलाबदलच बंद. मुली म्हणाल्या, तुझ्यामुळे. पाककला मला मिळाली नाही ती नाहीच. आज मीही लॉजवर चादरी धुते.

धाकटी बहीण यंदा नववीत जाईल. तिलाही पाककलाच हवी. बाई अजून तिथेच आहेत. आई पुन्हा तेच म्हणते, गप ऱ्हा.

आता गप राहणार नाही. प्रवेशाच्या दिवशी लॉजचा खाडा करून मी बहिणीबरोबर जाणार. बाईंनी तिला बागेत ढकललं, तर का ते विचारणार, सगळ्या पालकांसमोर, मोठ्याने. उत्तर मिळेपर्यंत विचारणार. तिचं नाव पाककलेत लागल्याशिवाय आम्ही दोघी तिथून हलणार नाही.